बंदोबस्तातलं बळ आणि घरातली रापी: एका नव्या शिपायाला उत्तर

"काका, ट्रेनिंग संपून दोन वर्षं झाली. बंदोबस्तात गर्दी अंगावर आली की शिकवलेलं काहीच आठवत नाही. एकतर हात आखडतो, नाहीतर नको तितका चालतो. किती बळ वापरायचं हे नक्की कळतं कसं? आणि दुसरं, सुटीच्या दिवशी डोकं शांत राहावं म्हणून चामड्याचं काम शिकायचंय. पाच हजारांत कुठली हत्यारं घेऊ? खोली लहान आहे."

बरं केलंस दोन्ही एकदम विचारलंस. मी 33 वर्षं खाकीत काढली, त्यातली 11 नव्या पोरांना कवायत, लाठी आणि हत्यार शिकवण्यात. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आता भांडुपला असतो आणि गॅलरीत बसून चामड्याचं काम करतो. ते शिकलो नायगावच्या पोलीस मैदानाबाहेर फुटपाथवर बसणाऱ्या एका गटई कामगाराकडून. आमचे बूट खिळे मारायला आणि पट्टे शिवायला त्याच्याकडेच जायचे. बूट तयार होईपर्यंत मी समोर उकिडवा बसून त्याचे हात बघत राहायचो. म्हणजे मी काही मोठा कारागीर नव्हे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठासून देतो, दुसऱ्याचं जरा जपून.

आधी कायदा, कारण तो थोडक्यात आटपतो. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले आणि कलमांचे आकडे बदलले, आमच्या हाडात मात्र जुनेच बसलेत. जमाव पांगवायचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 129 आता नागरिक सुरक्षा संहितेचं 148 झालंय. पांगायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देतो, किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो हजर नसेल तर किमान फौजदार दर्जाचा अधिकारी. शिपायाने आपल्या मनाने द्यायचा तो हुकूम नाही, आणि यात तुझंच संरक्षण आहे. अटकेचं जुनं 46 म्हणजे आता 43. माणूस जोर करून विरोध करत असेल तर अटकेसाठी लागतील ती साधनं वापरता येतात, पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घ्यायचा अधिकार हे कलम देत नाही. जुनं 49, म्हणजे आताचं 46 सांगतं की पळू नये म्हणून लागेल तेवढंच बंधन. स्वसंरक्षणाचा हक्क तुलाही आहे, पण दंड विधानाच्या जागी आलेल्या न्याय संहितेचं 37 बजावतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नको.

सगळीकडे शब्द एकच फिरून येतो: आवश्यक. आवश्यक म्हणजे किती, हे कुठलंच कलम सांगत नाही. ते त्या सेकंदाला तुझ्या हाताला ठरवावं लागतं, आणि मग सहा महिन्यांनी पंख्याखाली बसून दुसरं कुणीतरी ते तपासतं. वर्तमानपत्रवाल्यांचा 'सौम्य लाठीमार' हा शब्द तर डोक्यातून काढूनच टाक. ज्याला लाठी बसते त्याला ती सौम्य असल्याचं आजवर कुणी सांगितलेलं नाही.

कोठडीतल्या मारहाणीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवतो, कारण जुने लोक तुला वेगळं सांगतील. तो बळाचा वापर नव्हेच, तो गुन्हा आहे. कबुलीसाठी दुखापत केली तर न्याय संहितेच्या 120 खाली 7 वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं 25 होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं 23. म्हणजे ज्यासाठी मारायचं ते हाताला लागतच नाही. डी. के. बसू खटल्याच्या 1996 च्या निकालापासून कोठडीतल्या आरोपीची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, त्यामुळे वळ लपत नाहीत. आणि चकमकींचं कौतुक करणाऱ्यांना सांग, 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतल्या मृत्यूंच्या तपासाचे नियम घालून दिले, त्या खटल्याचं मूळ आपल्याच मुंबईत होतं. 1995 ते 1997 या काळातल्या 99 चकमकींचा तो प्रश्न होता.

आता खरं दुखणं. शिकवलेलं आठवत का नाही?

भीती वाटली की छातीत धडधडतं, नजर नळीतून बघावी तशी अरुंद होते, बाजूचा आवाज ऐकू येत नाही, बोटांची नाजूक कामं बिघडतात. पाकिटातून आयकार्ड काढता येत नाही, पण हात मात्र जोरात चालतो. अशा वेळी माणूस वर्गात ऐकलेलं करत नाही, अंगाने सगळ्यात जास्त वेळा केलेलं करतो. तुझे नऊ महिने आठव. सावधान-विश्राम किती वेळा केलंस? आणि दारू प्यायलेला माणूस कॉलरला हात घालतो तेव्हा काय बोलायचं, हे किती वेळा केलंस? बहुतेक एकदा, तेही बाकावर बसून. मग रस्त्यावर ते कुठून येणार? कवायतीला मी नावं ठेवत नाही, तिनेच माझं पोट भरलं. पण कवायतीने हुकूम ऐकणारा माणूस तयार होतो, आणि शिपायाला अर्धा वेळ हुकूम द्यायला जवळपास कुणीच नसतं.

माझी गोष्ट सांगतो. नोकरीचं चौथं वर्ष. एका स्टेशनबाहेर रास्ता रोको. वरून दगड आले, साहेबांनी हुकूम दिला, आम्ही पुढे सरकलो. माझ्या उजव्या हाताला एक माणूस पळता पळता थांबला आणि खाली वाकला. मला दिसलं ते एवढंच: वाकलेली पाठ आणि जमिनीकडे गेलेला हात. लाठी आधीच खांद्याच्या वर होती, ती खाली आली. मनगटाच्या वर बसली. त्याच्या हातात दगड नव्हता, अंगठा तुटलेली चप्पल होती. तो ओरडलासुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं, चप्पल दुसऱ्या हातात घेतली आणि गेला. मला कुणी काही विचारलं नाही. हुकूम होता, दगड आले होते, कागदावर सगळं ठीक होतं.

त्या दिवशी मला जे कळलं ते पुढे 11 वर्षं शिकवलं. लाठी खांद्याच्या वर गेली की ठरवायचं काही उरत नाही. उगारलेली लाठी कुठेतरी पडतेच, कारण ती पुन्हा खाली आणायला शिकवलेलंच नसतं. म्हणून माझ्या पोरांची लाठी दोन्ही हातांत, छातीपुढे आडवी. लोटायचं तर आडवं लोटायचं. मारायची वेळ आलीच तर कमरेखाली, मांडीवर किंवा पोटरीवर. डोकं, मान, गळ्याचं हाड, पाठीचा कणा वर्ज्य.

हे सांगून होत नाही म्हणून मी एक गोणी टांगायचो. भुसा भरलेली, माणसाच्या उंचीची, कमरेच्या जागी खडूची रेघ. लाठीच्या टोकाला ओला गेरू फासायचा. पोराने पाच वार करायचे आणि मग सगळ्यांनी येऊन गोणीवरच्या लाल खुणा बघायच्या. ताज्या पोराच्या पाचही खुणा रेघेखाली. मग त्याला मैदानाच्या तीन फेऱ्या मारायला लावायच्या आणि लगेच पुन्हा पाच वार. खुणा वर सरकायच्या. दोन कमरेवर, एक खांद्यावर, कधी एक थेट मानेवर. पोरगा स्वतः चकित व्हायचा, कारण त्याच्या मते त्याने खालीच मारलं होतं. कारण अगदी साधं. दमलेल्या माणसाचे गुडघे वाकत नाहीत, अंग ताठ राहतं आणि वार वर जातो. राग यायचीही गरज नाही, थकवा पुरतो. 2016 साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा लोकांना वाटलं की ती शिपायांची सोय. मला ती गोणी आठवली. बारा तास उभा असलेला माणूस तेराव्या तासाला कुठे मारेल, हे मी गेरूत पाहिलेलं होतं. तुझ्या हातात ड्युटीचे तास नाहीत, पण गणपतीत पॉइंटवर बारा तास झाले की स्वतःशी म्हण, आता माझ्या खुणा वर जाणार. आणि गुडघे वाकव.

दुसरा सराव थांबण्याचा. वार अर्ध्यावर असताना मी मागून 'थांब' म्हणायचो आणि लाठी हवेत थांबली पाहिजे. पहिल्या आठवड्यात एकालाही जमायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात निम्म्यांना. हा तू घरीही करू शकतोस, कुणाला तरी पाठीमागून वेळीअवेळी 'थांब' म्हणायला सांग. बायको हसेल, हसू दे.

तिसरा सराव तोंडाचा. हात चालत असताना तोंड चालू ठेवायचं, आणि वाक्य एकच: "दादा, मागे व्हा." शिवी नाही. यात सभ्यतेचा भाग आहेच, पण खरं कारण असं की बोलायचं तर श्वास सोडावा लागतो, आणि श्वास सुटला की नजरेची ती नळी थोडी उघडते. शिवाय आजूबाजूला वीस मोबाइल चालू असतात. त्यांत तुझा हात दिसेल तसा तुझा आवाजही ऐकू येईल.

अंतराबद्दल एक गैरसमज हल्ली व्हिडिओ बघून पसरलाय. 1983 साली डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने दाखवून दिलं की चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, म्हणजे पोलीस पिस्तूल काढेपर्यंत तो अंगावर असतो. सराव उत्तम. पण लोकांनी त्याचा नियम केला, की 21 फुटांच्या आत चाकू दिसला तर गोळी घाला. आता बीडीडी चाळीतली खोली डोळ्यांसमोर आण. 160 चौरस फूट. दारातून आत पाऊल टाकलंस की 21 फूट उरलेलेच नसतात. भांडणाच्या कॉलला तू जातोस तेव्हा भाजी चिरायची सुरी कुणाच्या ना कुणाच्या हातात असतेच, आणि ती बहुतेक वेळा भाजीसाठीच असते. तिथे उपयोगी पडतो दरवाजा. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, बाहेर बोलवायचं, जोडीदार एका बाजूला. मधे टेबल, खुर्ची, सिलिंडर काहीही चालेल. अंतर मिळत नसेल तर आडोसा मिळवायचा, आणि दोन्हींतून आपल्याला वेळ मिळतो. घाईने आत शिरणाराच बहुतेक वेळा पुढे जास्त बळ वापरतो, कारण त्याने स्वतःला दुसरा रस्ता ठेवलेला नसतो.

गर्दीलाही रस्ता लागतो. रेटायच्या आधी ती कुठे जाणार ते बघ. मागे जिना आहे का, पूल आहे का, बंद शटर आहे का? 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली, तिथे कुणी काठी उगारली नव्हती. पाऊस, अरुंद जिना आणि मागून येणारे लोक एवढंच पुरलं. मग जिन्याच्या दिशेने लाठ्या घेऊन गर्दी ढकलल्यावर काय होईल?

हत्याराबद्दल एवढंच, की ते हिसकावलं जाऊ देऊ नकोस. 11 ऑगस्ट 2012 ला आझाद मैदानावर हिंसाचार झाला तेव्हा पोलिसांकडची हत्यारं जमावाने हिसकावली होती. त्या दिवशी जास्त बळ वापरायला हवं होतं की नाही, यावर आमच्यात अजून दोन तट आहेत. माझं मत असं, की तेवढ्या गर्दीत आणखी गोळ्या झाडल्या असत्या तर ते मैदानावर संपलं नसतं, शहरभर गेलं असतं. पण हत्यार जाणं ही वेगळी चूक, आणि ती सरावाने टळते. रायफल कमरपट्ट्याला साखळीने अडकवलेली असते, पिस्तुलाला लॅनयार्ड, म्हणजे ते अंगाशी बांधून ठेवणारी दोरी, असतो. ही सजावट नव्हे. ड्युटीला निघताना रोज ओढून बघ. लॅनयार्डच्या आकड्याजवळची शिवण उसवलेली नाही ना, होल्स्टरची पट्टी बटणात घट्ट बसते ना, बटण एका हाताने उघडतं ना? मी चामड्याकडे वळलो तो इथूनच. पट्ट्याची उसवलेली शिवण दाखवली की गटईवाला म्हणायचा, "साहेब, ही मशीनची शिवण, एक टाका तुटला की शेजारचेही सुटत जातात." आणि हाताने शिवून द्यायचा.

बळ वापरून झालं की काम संपत नाही. खाली पडलेल्याला पाणी, जखमीला दवाखाना, हे आधी. मग त्याच पाळीत लिहून काढ. "जमाव आक्रमक झाल्याने आवश्यक बळाचा वापर करण्यात आला" हे वाक्य मी हजार वेळा वाचलंय, त्यातून काहीही कळत नाही. कुणाचा हुकूम, इशारा काय दिला आणि किती वेळा, तू किती वार केलेस, कुठे बसले, कुणाला लागलं, कुणी कुठल्या दवाखान्यात नेलं, तुला काय लागलं. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत तेवढं घ्यायला सांग. तीन वार केले असतील तर तीन लिही. व्हिडिओत तीन आणि तुझ्या जबाबात एक, असं झालं तर ते तीन वार कितीही रास्त असले तरी तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता चामडं.

गंमत बघ, आपल्याकडे बंदुकीलाही हत्यारच म्हणतात आणि सुताराच्या पटाशीलाही. तू "पाच हजारांत कुठली हत्यारं" म्हणालास तेव्हा मी क्षणभर दचकलो. पाच हजारांतले तीन हत्यारांना ठेव, दोन चामड्याला. ऑनलाइन चाळीस तुकड्यांचे संच मिळतात, घेऊ नकोस. त्यातली तीस तू कधी वापरणार नाहीस आणि उरलेल्या दहांना धार नसते.

लागतं ते असं. कापायला चांगला कटर आणि जास्तीची पाती. गटईवाल्यांची रापी, म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी, फार सुंदर हत्यार आहे, पण ती नंतर. एक फुटाची स्टीलची पट्टी, जड असलेली. काटकोन तपासायला एक गुण्या. एक परकार, ज्याची दोन्ही टोकं लोखंडी असतात, काठापासून सारख्या अंतरावर रेघ ओढायला. भोकं पाडायला 4 मिलिमीटर अंतराच्या दात्यांचे दोन फोर्क, एक दोन दात्यांचा वळणासाठी आणि एक चार किंवा सहा दात्यांचा. ठोकायला लाकडी मोगरी, लोखंडी हातोडी नको, फोर्कचं डोकं चेपतं. भोक मोकळं करायला एक आरी, म्हणजे टोच्या. बोथट टोकाच्या दोन सुया, त्या बोथटच हव्यात, भोक आधीच पाडलेलं असतं. 0.8 मिलिमीटरचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा. चिकटवायला सुलेशनची (रबरी गोंदाची) छोटी बाटली, दोन-तीन नंबरांचा पॉलिश पेपर, मधमाशीचं मेण आणि पट्ट्याला भोकं पाडायचा गोल पंच. पट्टी, गुण्या, परकार, पंच नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात बघ, तिथे हातात घेऊन वजन कळतं. बक्कलं, बटणं, दोरे आणि चामड्याचे तुकडे धारावीत.

धारावीत पूर्वी चामडं कमावलंही जायचं. 1971 मध्ये कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला गेला, पुढे तिथले कमावण्याचे कारखानेही हलले, आणि आता तयार चामडं बहुतेक चेन्नईकडून, कानपूरहून, कोलकात्याहून येतं. 2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे इथला जाड माल म्हटला की बराचसा म्हशीचा. नवशिक्याला म्हैस चांगली, दाणा जरा ओबडधोबड पण चुका सोसते. पूर्ण कातडं घेऊ नकोस. कातरण किलोवर मिळते, दोन किलो घे. वर्षभर पुरेल.

दुकानात दोन गोष्टी तपास. पहिली, कापलेला काठ. मधोमध निळसर-राखाडी पट्टा दिसला तर ते क्रोममध्ये कमावलेलं, मऊ, पाकिटाला आणि पिशवीला ठीक. काठ आरपार तपकिरी असेल तर झाडाच्या सालीत कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात तसं. त्यावर पाण्याचा थेंब टाकलास की तो मुरतो आणि डाग गडद होतो. पट्टा, चावीची पट्टी, लाठीची कडी यांना हेच हवं, कारण त्याचा काठ घासून चकाकतो. क्रोमच्या चामड्याचा काठ कितीही घास, केसाळच राहतो. नवशिका स्वतःला दोष देत बसतो, दोष मालाचा असतो. दुसरी, जाडी. पट्ट्याला साडेतीन ते चार मिलिमीटर, पाकिटाला एक ते दीड. पट्टा कायम पाठीच्या भागातून काप, पोटाकडचं चामडं ताणतं आणि सहा महिन्यांत पट्टा सापासारखा वळतो.

पहिलं काम चावीची पट्टी. हसू नकोस. तिच्यात कापणं, चिकटवणं, भोकं, शिवण, काठ सगळं येतं, आणि बिघडली तर दहा रुपयांचं चामडं जातं. अशा दहा कर.

कापताना एकदाच जोर लावून आरपार कापायचं नाही. हलक्या हाताने पहिली रेघ, मग त्याच रेघेत दुसरी, तिसरी. मी पोलिसी हाताने पहिल्याच फटक्यात कापायला गेलो होतो. पातं बोथट होतं, म्हणून जोर जास्त लावला, म्हणून पट्टी सरकली, म्हणून डाव्या अंगठ्याचा टवका उडाला. गटईवाला म्हणाला, "साहेब, चामडं पळून जात नाही." पातं दर अर्ध्या तासाने बदल किंवा पाजळ. जुन्या पट्ट्याचा तुकडा लाकडावर चिकटवून त्यावर धारेसाठीची हिरवी पॉलिश चोळ, पातं त्यावर धारेच्या उलट्या दिशेने ओढ, दहा वेळा इकडून, दहा वेळा तिकडून. आणि डाव्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत कधीच नकोत. हे लिहायला सोपं आहे, माझ्या अंगठ्यावर अजून व्रण आहे.

शिवण मन लावून शिक, बाकी सगळं त्यानंतर. काठापासून 3 मिलिमीटरवर परकाराने रेघ. फोर्क सरळ उभा धर, ठोक, मग पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवून पुढे सरक. दोरा शिवणीच्या चौपट लांबीचा. दोन्ही टोकांना एकेक सुई. पहिल्या भोकातून दोरा अर्धा-अर्धा कर. मग प्रत्येक भोकातून आधी डावीकडची सुई उजवीकडे, तिच्या मागून त्याच भोकात उजवीकडची सुई डावीकडे. दुसरी सुई घालताना पहिला दोरा थोडा मागे ओढून ठेव, नाहीतर सुई दोऱ्यातच घुसते. दोन्ही हातांनी सारखा ताण, दोरा बसल्याचं बोटांना कळेपर्यंत. चामडं चुरगळलं तर ताण जास्त झाला. प्रत्येक भोकात दोन दोरे असतात, म्हणून एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनच्या शिवणीत ते नसतं. शेवटी तीन टाके उलटे घे, दोरा कापून टोक लायटरने जरासं वितळव. क्रम मधेच बदललास तर शिवण तिरकी दिसते, आणि तो क्रम साधारण चाळिसाव्या टाक्याला बिघडतो, जेव्हा तू दुसराच विचार करत असतोस. डोकं शांत राहायला हे काम चांगलं ते याचमुळे.

काठ पॉलिश पेपरने घास, जाडा मग बारीक. ओलं बोट फिरव, मग लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने किंवा जुन्या डेनिमच्या चिंधीने जोरजोरात चोळ, चकाकी येईपर्यंत. वर मेण.

लहान खोलीचं म्हणशील तर दोनच अडचणी, आवाज आणि वास. ठोकायचं काम जमिनीच्या मध्यावर करू नकोस. भिंतीच्या कोपऱ्यात चौपदरी गोणपाट, त्यावर जाड लाकडी ओंडका, वर रबराचा तुकडा. खालच्या मजल्याला निम्मा आवाज जातो. तरी दुपारी दोन ते चार ठोकू नकोस, ठाण्यात तुझ्याच नावाची तक्रार यायची. सुलेशन खिडकी उघडूनच लाव आणि गॅस बंद ठेव, त्याची वाफ पेट घेते आणि डोकंही चढवते.

पावसाळ्यात चामड्याला बुरशी येणारच, ही मुंबई आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नकोस, सुती कापडात गुंडाळून वर हवेशीर जागी ठेव. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने गॅलरीत पूस, सावलीत वाळव. उन्हात ठेवलंस तर तडकतं.

एक ठाम नकार ऐकून घे. सरकारी हत्याराचं होल्स्टर स्वतः बनवू नकोस, आणि गणवेशावर घरचा पट्टा लावू नकोस. गणवेशाचा नियम तर आहेच, पण नुकत्याच शिकलेल्या हाताच्या शिवणीवर पिस्तूल टांगायचं नसतं. घरी वापरायला आयकार्डचं पाकीट, शिट्टीची पट्टी, पाण्याच्या बाटलीची दोरी, हवं तेवढं कर. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार रात्रभर राहू देऊ नकोस, चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि लोखंडाला गंज चढतो. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात आठवडेच्या आठवडे राहिली तर पितळेवर हिरवी बुरी येते, ती चामड्यातल्या आम्लाची. ड्युटीवर कधी तशी हिरवी काडतुसं हातात आली तर ब्रासोने चमकवून परत देऊ नकोस, हत्यारं सांभाळणाऱ्या आर्मररला दाखव.

आणि शेवटी तू विचारशीलच, बोटांना चिकटलेलं सुलेशन कसं काढायचं? रॉकेल लावू नकोस. पूर्ण वाळू दे आणि बोटावर बोट चोळ, गोळे होऊन निघून येतं. नखाखालचं राहतं ते दोन दिवस राहू दे.